‘त्याला समजावणारा कोणी शोध’: डिचोलीतलं एक प्रकरण

माणूस गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय 44. एकेकाळी खनिज वाहतुकीला त्याचे दोन ट्रक लागलेले होते. 2012 ला खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, 2018 ला परत बंद. त्या धामधुमीत एक ट्रक हप्त्यांपायी गेला, दुसरा मिळेल त्या भावाला विकला. आता औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पगार वेळेवर होतो, पण ‘ट्रकवाला शेठ’ म्हणून जो मान होता तो गेला. संध्याकाळी बस तिठ्यावर सोडते आणि बार तिठ्यावरच आहे. आधी एक नीप, मग दोन, आणि गेल्या वर्षभरात घरी आणलेली क्वार्टर वेगळी. उन्हाळ्यात उर्राक (काजूची हंगामी दारू) आला की हिशेब ठेवायचं कारणच उरत नाही.

घरी आई, बायको आणि बारावीतली मुलगी. मोठी बहीण म्हापशाला मराठी शाळेत शिकवते, आणि फोन तिचाच आला. मी उच्च माध्यमिक विद्यालयात समुपदेशक आहे. व्यसन हा माझा प्रांत नव्हे, पण योग्य माणसाकडे पाठवणं हे आमच्या कामातलं निम्मं काम असतं. ती म्हणाली, “ऑनलाइन कोणीतरी बघ गो. मराठी बोलणारा. ते मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करतात म्हणे दारूसाठी, तसला. त्याला नीट समजावणारा कोणी शोध.” ऑनलाइन का, हे विचारायची गरज नव्हती. गोवा केवढासा! बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या फाटकात शिरताना गावचा एक माणूस दिसला तरी रात्रीपर्यंत वाड्यावर बातमी.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्याने, बायकोने आणि बहिणीने हे वाचून हरकत नाही म्हटलंय.)

घरच्यांचे उपाय

समजावणं कमी पडलं होतं अशातला भाग नव्हता. आईने ग्रामदेवतेला प्रसाद लावला होता. बायकोने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. फॅमिली डॉक्टरने एसजीपीटी (रक्तातली लिव्हरची तपासणी) वाढल्याचा रिपोर्ट पुढे ठेवून लिव्हरचं चित्र काढून दाखवलं. मेहुण्याने दोन तास बसवून ‘तुझ्या जागी मी असतो तर’ ऐकवलं. प्रत्येक उपायाचा गुण आठवडाभर टिकला. प्रत्येक वेळी त्याची उत्तरं मात्र अधिक घोटीव झाली: मी कामाला दांडी मारत नाही, कोणाकडे उधार मागत नाही, रस्त्यावर पडत नाही, अमुक माझ्यापेक्षा दुप्पट पितो.

एक गोष्ट वेगळी होती. श्रावण तो कडक पाळतो. महिनाभर मासळी नाही, दारूचा थेंब नाही. चवथ झाली, गणपती पोचवला की पुन्हा तिठा. घरात या गोष्टीचा उपयोग फक्त टोमण्यासाठी व्हायचा: “श्रावणात जमतं मग बाकीचे अकरा महिने काय होतं?” प्रश्न म्हणून तो उत्तम आहे. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं एवढीच अडचण.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे एमआय, नेमकं इथून सुरू होतं. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1983 साली दारू पिणाऱ्यांवरच्या एका लेखात ही पद्धत पहिल्यांदा मांडली. त्याच्या आदल्या वर्षी तो नॉर्वेत होता. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांना तो आपलं काम करून दाखवायचा आणि ते त्याला मध्येच थांबवून विचारायचे, हाच प्रश्न का, हेच वाक्य का उचललंस. उत्तरं देता देता आपण काय करतो हे त्याचं त्यालाच उलगडत गेलं. पुढे स्टीफन रोलनिकबरोबर 1991 मध्ये पुस्तक आलं. त्याची चौथी आवृत्ती 2023 ची.

गाभा असा: पिणाऱ्याच्या मनात दोन्ही बाजू आधीपासूनच असतात. ‘सोडायला हवी’ हे असतं आणि ‘मग संध्याकाळचं करायचं काय’ हेही असतं. समोरच्याने पहिली बाजू उचलली की त्याच्या वाट्याला दुसरी उरते, आणि तो ती लढवतो. जे माणूस स्वतःच्या तोंडाने वारंवार बोलतो त्याच्याकडे तो झुकत जातो. मेहुण्याच्या दोन तासांत दारूची वकिली कोणी केली, हे बघितलं म्हणजे पुरे. एमआय करणारा थेरपिस्ट बदलाची बाजू आपल्या तोंडी घेत नाही. ती समोरच्याकडून येईल अशी वाट मोकळी करतो, आणि एखादं वाक्य आलं की ते हातचं जाऊ देत नाही.

तेव्हा ‘समजावणारा हवा’ आणि ‘एमआय करणारा हवा’ या बहिणीच्या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बरं, पण तो समजवेल ना?”

आधी डॉक्टर

शोधायच्या आधी एक गोष्ट उरकणं भाग होतं आणि ती ऑनलाइन होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरणं, घाम, उलट्या, पुढे फिट्स आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्यात जीवही जातो. अशा माणसाला आधी मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषधं लागतात, गप्पा नंतर. श्रावणाचा इतिहास इथे कामी आला. महिना सुरू होताना काय होतं, असं बायकोला विचारलं. दोन-तीन रात्री झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, बाकी काही नाही, थरथर कधीच नाही. पण गेल्या श्रावणानंतर पिणं वाढलं होतं. म्हणून फॅमिली डॉक्टरकडे नव्याने तपासणी केली. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची 10 प्रश्नांची चाचणी आहे, गुण 0 ते 40. त्याचे 17 आले. 20 किंवा त्याहून जास्त आले असते तर अवलंबित्वासाठी सविस्तर तपासणी आधी करून घेतली असती. 17 म्हणजे समुपदेशन आणि डॉक्टरचं लक्ष, दोन्ही.

हा आकडा मला ओळखीचा वाटायचं कारण आपल्याच गोव्यातलं आहे. 1996 साली इथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने राज्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी-अभ्यास केला; 2017 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ऑडिटवर 12 ते 19 गुण असलेले पुरुष निवडले. एमआयच्या धर्तीवरचं समुपदेशन, जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. देणारे समुपदेशक मानसशास्त्राची पदवी नसलेले, खास प्रशिक्षण दिलेले साधे लोक. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 36 टक्के होतं, नुसत्या नेहमीच्या उपचारांत 26 टक्के. जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. जादू नव्हे, पण इतक्या कमी वेळात इतका फरक दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. मला त्यातून घ्यायचं होतं ते हे की पदवीपेक्षा बोलण्याची पद्धत जास्त महत्त्वाची, आणि ती पद्धत शिकता येते, तपासताही येते.

यादीतली नावं

थेरपीच्या अ‍ॅपवर गाळणी लावायची सोय असते: भाषा मराठी, विषय व्यसन, पद्धत एमआय. एवढ्यावर बरीच नावं आली. पण प्रोफाइल उघडून बघितल्या तर एकेकाने दहा-दहा पद्धतींवर खुणा केलेल्या. सीबीटी, माइंडफुलनेस, इनर चाइल्ड, एमआय, सगळंच. गाळणीतल्या त्या खुणेची किंमत माझ्या लेखी शून्य आहे.

नोंदणी मात्र तपासता येते आणि तपासावीच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नंबर मागितला तर द्यायला अडचण नसावी. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर, त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे. समुपदेशक, थेरपिस्ट, लाइफ कोच या पाट्या मात्र आपल्याकडे कोणीही लावून बसतं. एमआयचं ‘लायसन्स’ असं काही नसतं. मिंट नावाची प्रशिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, 1997 पासूनची, पण तिच्या यादीत एमआय शिकवणारे असतात. थेरपिस्ट तिथे नसला म्हणून तो बाद ठरत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला तीन प्रश्न लिहून पाठवले. नोंदणी क्रमांक काय? एमआय शिकल्यावर तुमच्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून कोणी सुधारणा सांगितल्या का? आणि, माणूस स्वतः यायला फारसा राजी नाही, बहीण पाठवतेय. पहिल्या भेटीत काय कराल?

दुसऱ्या प्रश्नामागे कारण आहे. दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेल्याला एमआय येतंय असं वाटतं. पण पाठीमागून कोणी ऐकून दुरुस्ती करत राहिलं नाही तर ते कौशल्य टिकत नाही. मिलरनेच 2004 साली व्यसनावर काम करणाऱ्या व्यावसायिकांवर हे तपासून दाखवलं आहे. रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायची एक ठरलेली पद्धतही आहे. तिच्यात थेरपिस्टने किती प्रश्न विचारले आणि समोरच्याचं म्हणणं किती वेळा उमजून परत मांडलं, हे मोजतात. एका प्रश्नाला अशी दोन वाक्यं पडली तर काम चांगलं मानतात.

खरी निवड केली ती तिसऱ्या प्रश्नाने. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. दिलं त्यांतले तिघे विचारात घेण्यासारखे होते. पहिल्याने लिहिलं, “दुष्परिणामांची जाणीव करून देऊन प्रेरित करेन.” दुसऱ्या बाईंनी लिहिलं, “पेशंटला जे बोलायचंय ते बोलू देईन, दिशा त्याची.” तिसऱ्या बाई मूळ सिंधुदुर्गच्या, राहायला बंगळुरूत. त्यांनी लिहिलं, “त्यांना यायचं होतं का हे आधी विचारीन. नसेल तर त्याबद्दलच बोलू. आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय बहिणीला काही कळवणार नाही, हे तुम्ही तिला आत्ताच सांगून ठेवा.”

पहिल्याशी झालेली ओळखीची भेट मी ऐकली. पंधरा मिनिटांची, फुकट. आठव्या-नवव्या मिनिटालाच ‘तुम्ही डिनायलमध्ये आहात’ आलं. त्याने नम्रपणे “हो, हो” म्हटलं, फोन ठेवला आणि मला म्हणाला, “हा आमचा मेहुणाच, फक्त पुण्याचा.” दुसऱ्या बाई अत्यंत प्रेमळ होत्या. त्यांनी ट्रकचं सगळं ऐकून घेतलं, त्याला बरंही वाटलं. पण दारूचा विषय तीनदा त्याच्याच बोलण्यात आला आणि तिन्हीदा तो तसाच वाहून गेला. नुसतं ऐकणं म्हणजे एमआय असा गैरसमज थेरपिस्ट मंडळींतही भरपूर आहे. एमआयला दिशा असते. कोणत्या वाक्याशी थांबायचं हे थेरपिस्ट ठरवतो.

पहिला कॉल

तिसऱ्या, बंगळुरूच्या बाईंशी भेट माझ्या खोलीतून झाली, कारण घरी भिंतींना कान. मी बाहेर जाऊ का म्हटलं, तर म्हणाला बसा. पुढचं त्याच्याच परवानगीने, आठवतं तसं.

बाई म्हणाल्या, “वेळ ताईंनी घेतलीय हे मला माहीत आहे. तुम्हाला स्वतःला ही पंधरा मिनिटं कशी वापरावीशी वाटतात?”

“मी बेवडा नाही, एवढं सांगायचंय.”

“लोक तुम्हाला त्या रांगेत बसवतात आणि ते तुम्हाला लागतं.”

“लागणारच. एक दिवस कामाला दांडी नाही माझी.”

“काम तुम्ही सांभाळलंत. तिथे दारूला येऊ दिलं नाही.”

तो जरा थांबला. मग म्हणाला, “तिथे नाही येऊ दिली. घरी आली.”

“घरी आली.” एवढंच त्या म्हणाल्या, प्रश्नाच्या सुरात नव्हे. त्यापुढे तो दोनेक मिनिटं मुलीबद्दल बोलला. ती हल्ली त्याच्याशी सातच्या आत बोलून घेते. नंतर तो बार करून येईल, म्हणून.

मेहुणा असता तर म्हणाला असता, “बघ! पोरीसाठी तरी सोड.” आणि त्याने लगेच उत्तर दिलं असतं की मुलीला मी काही कमी केलेलं नाही. इथे तसं काही न झाल्यामुळे वाक्य त्याच्याजवळच राहिलं.

मग त्यांनी एमआयमधली एक नेहमीची गोष्ट केली: पिणं कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, 0 ते 10? तो म्हणाला 6. त्यावर, “सहा का? तीन का नाही?” असं विचारलं. गोम या उलट्या प्रश्नात आहे. ‘सहाच का, नऊ का नाही’ म्हटलं असतं तर सबबी आल्या असत्या. ‘तीन का नाही’ म्हटल्यावर त्याला कारणं सांगावी लागली: लिव्हर, मुलगी, आणि तिसरं जे मला नवीन होतं, की कामावर हल्ली तोंडाला वास येईल म्हणून तो सुपारी चघळत जातो आणि त्याची त्याला लाज वाटते. जमेल याची खात्री किती, तर 3. “तीन आहे, शून्य नाही. कशाच्या जोरावर?” तेव्हा श्रावण आला.

आणि हा भाग घरात कोणीच कधी विचारला नव्हता. श्रावणात तो पखवाज वाजवतो. देवळात रोज संध्याकाळी भजन असतं, साडेसहाला तालीम, आठपर्यंत हात मोकळे नसतात. चवथीनंतर भजनी मंडळ पांगतं. म्हणजे ‘श्रावणात जमतं मग नंतर काय होतं’ याला उत्तर होतं, आणि ते देवाच्या धाकाइतकंच घड्याळाचं होतं.

त्याने त्याच दिवशी पुढच्या भेटीचे पैसे स्वतःच्या फोनवरून भरले. बहिणीचे नाही घेतले.

पुढे

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. बाईंनी सुरुवातीलाच घरचा पत्ता, जवळचं आरोग्य केंद्र आणि अडीअडचणीला फोन करायचं एक नाव लिहून घेतलं. त्याने बायकोचं दिलं. ऑनलाइन थेरपिस्ट हे विचारत नसेल तर तिथूनच मागे फिरावं. रात्री-अपरात्री काही झालं तर 108, आणि बोलायला टेली मानसचा 14416, हे दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये घातले. भेटी तो शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याबाहेर मित्राच्या गाडीत बसून घ्यायचा. नेटवर्क गेलं की चित्र बंद करून नुसत्या आवाजावर. भाषेची चिंता बहिणीला होती, त्याला नव्हती. तो अर्धं कोकणीत बोलायचा आणि बाईंना मालवणीमुळे अडत नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीनंतर एमआय मागे पडलं आणि ते योग्यच होतं. माणसाचं मन ठरलं की त्याला आणखी पटवून घेत बसण्यात वेळ जातो. तिथून पुढे आखणी. आखणी त्याचीच होती. बसमधून तिठ्यावर न उतरता पुढच्या, शाळेच्या थांब्यावर उतरायचं आणि शेताच्या बांधावरून घरी यायचं. भजनी मंडळातल्या दोघांना गाठून आठवड्यातून तीन संध्याकाळी देवळात बसायचं. घरी क्वार्टर आणायची नाही. रविवारचं त्याने काही ठरवलं नाही आणि बाईंनी ते ओढून काढलं नाही. बहिणीचा फोन मला लगेच: “सोड असं त्या सांगतच नाहीत म्हणे?”

शिगम्यात तीन दिवस सगळं विस्कटलं. पुढच्या शुक्रवारी त्याने फोन उचलला नाही. बाईंचा एका ओळीचा निरोप आला: तुमची वेळ पुढच्या शुक्रवारी ठेवली आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तो गेला. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि बहिणीलाही नाही, हे तिला अजून पचलेलं नाही.

आता पावसाळ्याच्या तोंडावर भेटी महिन्यातून एक आहेत. आठवड्यातले चार-पाच दिवस कोरडे जातात असं त्याची डायरी म्हणते आणि बायको त्याला दुजोरा देते. उर्राकच्या दिवसांत डायरीची काही पानं कोरी आहेत. ऑडिट परत घ्यायची घाई केलेली नाही, कारण ती गेल्या वर्षभराचं विचारते. इतक्यात गुण उतरलेले दिसणार नाहीत. एसजीपीटी खाली आलंय, पण अजून नॉर्मलला नाही. डॉक्टरने तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

बायकोचं मात्र वेगळं निघालं. एका भेटीला ती त्याच्याबरोबर बसली होती आणि अर्धा वेळ रडली. तो सुधारतोय म्हणून तिने आता हसतमुख राहावं अशी घरात सगळ्यांची अपेक्षा, आणि तिचा गेल्या सहा वर्षांचा राग जिथल्या तिथे आहे. तिने मला स्वतःसाठी कोणीतरी बघायला सांगितलंय. त्या शोधात एमआयची अट मी घालणार नाही. तिला कुठली सवय सोडायची नाही, तिच्या मनात दोन बाजूही नाहीत. ती दमलेली आहे. तिने एकच अट सांगितलीय: बाईच हवी, आणि नवऱ्याची बाजू आधीच ऐकलेली नको. म्हणजे बंगळुरूच्या बाई बाद. नवी यादी काढायला घेतली आहे.